तालुक्याच्या गावाला जुलैअखेरपर्यंत पाणी पुरवणारा जलाशय: साठ्याचा हिशेब आणि संचालन

विदर्भातील तालुक्याच्या गावांमध्ये पाण्याची ओरड एप्रिलमध्ये सुरू होते आणि टँकर, विहीर अधिग्रहण, तातडीची पाइपलाइन ही सगळी धावपळ मे महिन्यात होते. गावाला उन्हाळ्यात पाणी मिळणार की नाही, हे मात्र १५ ऑक्टोबरच्या सुमारासच ठरलेले असते. पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. त्यानंतर येणारा अवकाळी पाऊस आणि गारपीट पिकांचे नुकसान करतात, जलाशयात मात्र मोजण्याइतकी भर क्वचितच घालतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये साठा जितका असेल तितक्यावरच पुढचे नऊ-साडेनऊ महिने काढायचे आहेत, असे गृहीत धरूनच नियोजन करावे लागते.

हा लेख अशा लघु किंवा मध्यम प्रकल्पासाठी आहे, ज्यावर काही हजार एकरांचे सिंचन आणि एका नगरपरिषदेचा पाणीपुरवठा असे दोन्ही अवलंबून आहेत. प्रकल्पाचा शाखा अभियंता आणि नगरपरिषदेचा पाणीपुरवठा अभियंता यांना तो उपयोगी पडेलच, पण आकडे समोर ठेवले असता ते वाचता यावेत म्हणून नगरसेवकांनी आणि पाणीवापर संस्थेच्या संचालकांनीही तो वाचावा.

साठा खरा किती आहे

पहिले काम कागदपत्रांचे आहे. प्रत्येक प्रकल्पाचा पातळी, क्षेत्र आणि क्षमता यांचा एक तक्ता असतो. अमुक तलांकाला (समुद्रसपाटीपासून मोजलेल्या पातळीला) पाण्याखाली किती हेक्टर आणि साठा किती दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, हे त्यावरून कळते. अडचण अशी की अनेक ठिकाणी हा तक्ता धरण बांधले तेव्हाचाच असतो. चाळीस-पन्नास वर्षांत आलेला गाळ फक्त मृत साठ्यात, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराखाली अडकून राहणाऱ्या साठ्यात, जाऊन बसतो, ही समजूत चुकीची आहे. नदी जिथे जलाशयात शिरते त्या शेपटाकडच्या भागात तो मोठ्या प्रमाणावर थांबतो आणि उपयुक्त साठाच खातो. म्हणून तक्त्याचा आधार असलेले सर्वेक्षण कोणत्या वर्षीचे आहे ते आधी पाहावे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था गाळाचे सर्वेक्षण करते, त्यासाठी रीतसर प्रस्ताव पाठवावा. तोवर मे महिन्यात उघडा पडलेला तळ लेव्हलिंग करून आणि उरलेल्या पाण्याची खोली बोटीतून मोजून तक्ता दुरुस्त करता येतो. तेही झाले नसेल, तर जुन्या तक्त्यातील उपयुक्त साठ्यातून सरळ दहा टक्के वजा करून हिशेब मांडावा, असे माझे मत आहे. चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. पातळी रोज सकाळी एकाच वेळी, वारा सुटण्याआधी, पाण्याच्या कडेला उतरून वाचली पाहिजे. धरणाच्या पाळीवर उभे राहून अंदाजाने सांगितलेला आकडा नोंदवहीत घेऊ नये. २५० हेक्टर पसाऱ्याच्या जलाशयात एक सेंटीमीटरची चूक म्हणजे पंचवीस हजार घनमीटर. जानेवारीनंतर खालच्या टप्प्यातील पट्ट्या उघड्या पडतात तेव्हा त्या गाळात अर्ध्या बुडालेल्या आणि बेशरमाच्या झुडपांत दडलेल्या असतात. रंग उडालेला असतो आणि कधी कधी पट्टी कललेलीही असते. ज्या महिन्यांत आकडा सर्वांत महत्त्वाचा, त्याच महिन्यांत तो सर्वांत कच्चा असतो. म्हणून खालच्या सर्व पट्ट्यांची साफसफाई, रंगकाम आणि तलांकाची पडताळणी मागच्याच उन्हाळ्यात उरकून घ्यावी.

वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, हे गावकऱ्यांना एकदा नीट समजावून सांगावे. शून्य टक्के साठा म्हणजे धरण कोरडे पडले असे नव्हे. विमोचकाच्या, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या दाराच्या, खालचे मृत साठ्याचे पाणी तेव्हाही शिल्लक असते. त्याचा वापर कसा करावा, हे पुढे येईल.

ऑक्टोबरचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाचे घालावेत. गावाची लोकसंख्या ६० हजार आहे आणि भुयारी गटार असलेल्या शहरासाठीच्या निकषाप्रमाणे दरडोई १३५ लिटर धरले आहेत. (गटार योजना नसेल तर निकष ७० लिटरचा आहे, तो वेगळा मांडावा.) रोजची गरज ८१ लाख लिटर होते. शुद्धीकरण केंद्र आणि वाहिन्यांतील १५ टक्के गळती धरली तर जलाशयातून सुमारे ९५ लाख लिटर, म्हणजे ९,५०० घनमीटर रोज उचलावे लागतात. १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै हे २९० दिवस होतात. एकूण पिण्याचे पाणी २.७६ दलघमी.

हिशेब १५ जूनला थांबवू नये, ३१ जुलैपर्यंत न्यावा. मृगाचा पाऊस पडला तरी जमीन तहानलेली असते, सुरुवातीचे पाणी ती पिऊन टाकते आणि जलाशयात येवा (वरून वाहून येणारे पाणी) सुरू व्हायला बऱ्याचदा जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचे उदाहरण बोलके आहे. वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंच नदीतला येवा घटला, आणि २०१९ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, नागपूरसारख्या महानगराला पाणीकपात करावी लागली. पुढे सप्टेंबरपर्यंत तोच जलाशय भरून दरवाजे उघडण्याची वेळ आली. वर्षाची सरासरी पाहणाऱ्याला यात टंचाई दिसणारच नाही, पण नळाला पाणी रोज लागते.

पिण्याच्या पाण्याचा आकडा सगळेच मांडतात. जो आकडा निष्काळजीपणे मांडला जातो, तो बाष्पीभवनाचा. विदर्भाचा उन्हाळा, त्यात वाहणारा कोरडा वारा आणि आपले पसरट, उथळ जलाशय या तिन्हींमुळे इथे बाष्पीभवन हा पाण्याचा दुसरा मोठा ग्राहकच आहे. बाष्पीभवन पात्रात मोजलेल्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणले की जलाशयाच्या पृष्ठभागावरील बाष्पीभवन मिळते. उदाहरणासाठी ऑक्टोबरच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ते १,४०० मिलिमीटर आणि पाण्याखालचे सरासरी क्षेत्र १८० हेक्टर धरू. नुसते उन्हात उडून जाणारे पाणी २.५२ दलघमी होते, म्हणजे गाव जवळजवळ जेवढे पाणी पिते तेवढेच. मे महिन्यात क्षेत्र १४० हेक्टरवर आलेले असले आणि रोज ८.७ मिलिमीटर पाणी उडत असले, तर दिवसाला १२ हजार घनमीटर जातात. त्या महिन्यात सूर्य गावापेक्षा जास्त पाणी घेतो. ज्या आराखड्यात बाष्पीभवनाचा रकाना नाही किंवा वर्षभर एकच टक्केवारी टाकलेली आहे, तो आराखडा परत पाठवावा.

पाझर आणि इतर नाश ०.२५ आणि पिण्याच्या पाण्यावर दहा टक्के राखीव ०.२८ धरले, तर गावासाठी ऑक्टोबरमध्ये सुमारे ५.८ दलघमी साठा बाजूला ठेवणे आवश्यक ठरते. उपयुक्त साठा ८.४ दलघमी असेल, तर सिंचनाला २.६ दलघमी उरतात. कालव्याच्या मुखाशी एका पाळीला (एकदा पाणी सोडण्याला) हेक्टरी दीड हजार घनमीटर लागतात असे मानले, तर ८५० हेक्टरांना रब्बीच्या दोन पाळ्या देता येतील, तिसरी नाही. हा हिशेब ढोबळ आहे. सिंचनाचे पाणी सोडले की पसारा आटतो आणि बाष्पीभवनही कमी होते, म्हणून अंतिम मांडणी महिनावार करावी, ज्यात प्रत्येक महिन्याचे क्षेत्र तक्त्यातून घेतलेले असेल.

आरक्षण आणि बैठक

नगरपरिषदेने आपली मागणी सप्टेंबरमध्येच लेखी द्यावी. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे हे खरे, पण म्हणून मागणी फुगवणे योग्य नाही. पाणीपुरवठा योजनेच्या आराखड्यात तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरलेली असते. तोच आकडा आरक्षणासाठी पुढे केला की कास्तकारांचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणे फार कठीण जाते. मागणीसोबत मागील वर्षी प्रत्यक्ष उचललेल्या पाण्याच्या मीटर नोंदी जोडाव्यात. पाणीपट्टीची थकबाकी आणि करारनाम्याचे नूतनीकरणही याच वेळी मार्गी लावावे, नाहीतर मे महिन्यात पाण्याऐवजी थकबाकीवरच चर्चा होते.

जिल्हा पातळीवर आरक्षण ठरते आणि कालवा सल्लागार समितीत सिंचनाच्या पाळ्या ठरतात. या बैठकीत शेतकऱ्यांना पाळ्यांची संख्या आणि तारखा पेरणीपूर्वी सांगणे हे अभियंत्याचे सर्वांत मोठे कर्तव्य आहे. दोनच पाळ्या मिळणार हे ऑक्टोबरमध्ये कळले, तर शेतकरी गव्हाऐवजी हरभरा किंवा करडई घेतो आणि त्याचे पीक निघते. तीन पाळ्यांचे आश्वासन देऊन दोनच दिल्या, तर ओंबीत दाणा भरण्याच्या वेळी गहू वाळतो. मग तो शेतकरी जलाशयात मोटार टाकतो, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. मोर्शी-वरूडकडच्या संत्रापट्ट्यात अडचण आणखी वेगळी आहे, कारण आंबिया बहाराच्या बागांना ऐन उन्हाळ्यात पाणी लागते आणि झाड एकदा सुकले की अनेक वर्षांची मेहनत वाया जाते. अशा ठिकाणी बागांसाठी मर्यादित पाणी वेगळे मंजूर करून ते मीटरने देणे, चोरीच्या मोटारी पकडत फिरण्यापेक्षा सोपे पडते.

धोक्याची रेषा

आता ३१ जुलैपासून मागे येत प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला निव्वळ गावासाठी किती उपयुक्त साठा हवा, ते काढावे. वरच्या उदाहरणात १ मार्चला सुमारे ३.२, १ मे रोजी १.९ आणि १ जूनला १.२ दलघमी असे आकडे येतात. ही रेषा आलेखावर काढून शाखा कार्यालयाच्या भिंतीवर लावावी आणि दर सोमवारी प्रत्यक्ष साठ्याचा ठिपका त्यावर टाकावा. ठिपका रेषेच्या वर आहे तोवर ठरलेली पाळी सोडायला हरकत नाही. तो रेषेला टेकला की कालव्याचे दार बंद, मग कोणाचाही फोन येवो. नियम आधी लेखी मंजूर करून घेतलेला असला, तर तो फोन झेलणे शाखा अभियंत्याला थोडे सोपे जाते.

नुकसान शोधणे

दर महिनाअखेर एक ताळा करावा. महिन्याच्या सुरुवातीच्या साठ्यातून अखेरचा साठा, गावाची उचल, कालव्यात सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन वजा केले की जे उरते, ते हिशेबाबाहेर गेलेले पाणी. ते पाझराच्या अंदाजाहून जास्त असेल, तर पुढील ठिकाणी पाहावे.

सर्वप्रथम विमोचकाचे दार. कालवा बंद असताना दाराच्या रबरी सीलमधून पाणी गळत असते आणि ते रोज दिसत असल्यामुळे कोणाला खटकत नाही. ते एका जागी वळवून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये घ्यावे. ड्रम वीस सेकंदांत भरला, तर गळती सेकंदाला दहा लिटर आहे. दिवसाला ८६४ घनमीटर, आणि २९० दिवसांत अडीच लाख घनमीटर. एवढ्या पाण्यात आपल्या उदाहरणातील गाव जवळपास २६ दिवस निघते. सील बदलण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ असतो, पण दार पाण्याखाली असताना ते काम होत नाही, म्हणून त्याची निविदा उन्हाळ्यातल्या नीचतम पातळीची वेळ साधून काढावी लागते.

त्यानंतर बुडीत क्षेत्राच्या कडेचे पंप. पाणी मागे हटते तशी उघडी पडलेली जमीन गाळपेरीसाठी दिली जाते. गाळपेर हे अनेक कुटुंबांचे उत्पन्न आहे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र परवाना देतानाच जलाशयातून उपसा करता येणार नाही आणि काठालगत रासायनिक खते-फवारणी चालणार नाही, या अटी स्पष्ट लिहाव्यात. बेकायदा पंपांवर कारवाई जानेवारीत करावी. एप्रिलमध्ये केली तर उभे पीक मारल्याचा दोष येतो आणि तोवर पाणीही गेलेले असते.

काही गावांची उद्भव विहीर धरणात नसून खाली नदीपात्रात असते आणि तिच्यासाठी धरणातून नदीत पाणी सोडावे लागते. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या वाळूतून वीस-पंचवीस किलोमीटर पाणी नेणे हा अत्यंत महाग मार्ग आहे. वाटेतच बरेच पाणी मुरते, उडते आणि उपसले जाते. नाइलाज असेल तर थोडे थोडे पाणी सतत सोडण्यापेक्षा एकदाच मोठा विसर्ग करावा, वाटेतील कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवण्याच्या फळ्या) त्या काळात काढून घ्यावेत, गावाजवळच्या बंधाऱ्याचे मात्र पक्के बसवावेत आणि महावितरणकडून काठावरच्या कृषिपंपांचा वीजपुरवठा तेवढे दिवस बंद ठेवून घ्यावा. कायमचा उपाय थेट धरणातून बंद जलवाहिनी हाच आहे.

गावातल्या गळतीबद्दल थोडक्यात: मध्यरात्रीनंतर सर्व व्हॉल्व्ह बंद करून उंच टाकीची पातळी दोन तास पाहावी. पातळी उतरत असेल तर व्हॉल्व्ह तरी गळतात किंवा टाकीपासूनची मुख्य वाहिनी तरी.

पाणी कोणत्या पातळीवरून घ्यावे

उन्हाळ्यात खोल जलाशयात पाण्याचे थर पडतात. वरचा थर गरम व शेवाळयुक्त असतो, तर तळाच्या थरात प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज विरघळते आणि पाण्याला कुजकट वास येतो. जॅकवेलला, म्हणजे जलाशयातून पाणी उचलण्याच्या विहिरीला, वेगवेगळ्या उंचीवर दारे दिलेली असतात ती यासाठीच, पण खालचे दार एकदा उघडले की ते वर्षभर तसेच राहते, असे अनेक ठिकाणी दिसते. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दाराच्या पातळीचे नमुने घेऊन रंग, वास आणि गढूळपणा पाहावा आणि त्यानुसार दार बदलावे. दारे चालू स्थितीत आहेत की गंजून बसली आहेत, हे मात्र पाणी भरलेले असतानाच, डिसेंबरमध्ये, तपासावे.

कपात केव्हा आणि किती

कपात लवकर आणि लहान असावी. फेब्रुवारीत पंधरा टक्के कपात केली तर लोक कुरकुर करतात, पण व्यवहार चालतो; तीच बचत मे महिन्यात करायची म्हटली तर आठ-आठ दिवसांनी नळ सोडण्याची वेळ येते. २०१७ चा पावसाळा कमी झाल्यानंतर यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटताना जे भोगले, ते तेथील नागरिक विसरलेले नाहीत.

टप्पे आधीच जाहीर करावेत. साठा रेषेच्या दहा टक्के खाली गेला की बांधकाम, गाड्या धुण्याची केंद्रे आणि बगिचे बंद. वीस टक्के खाली गेला की एक दिवसाआड पुरवठा. तीस टक्के खाली गेला की मृत साठ्याची तयारी आणि विहिरींचे अधिग्रहण. पुरवठा खंडित झाला की रिकाम्या वाहिनीत गटाराचे पाणी ओढले जाते, म्हणून एक दिवसाआडच्या काळात क्लोरीनची मात्रा वाढवून शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन मिळते का, ते रोज तपासणे आवश्यक आहे. बोअरवेलवर किती विसंबावे, हे त्या त्या भागावर अवलंबून आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल पिण्यालायक नसते, म्हणूनच अकोला जिल्ह्यात वान धरणावरून ८४ खेडी योजना करावी लागली. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या बाजूला फ्लोराइडचा प्रश्न आहे. अशा भागांत कपातीचा पहिला टप्पा इतरांपेक्षा एक महिना आधी लावावा.

मृत साठा उचलण्यासाठी तराफ्यावरचे पंप, जॅकवेलपर्यंत गाळातून काढलेला चर आणि वीजजोडणी ही तिन्ही कामे मार्चअखेर पूर्ण हवीत. गाळ ओला असताना चर काढायला यंत्र आत जात नाही आणि पाणी मागे सरकल्यावर चर किती लांबवावा लागेल याचा अंदाज चुकतो. मृत साठ्याचे पाणी गढूळ असते. तुरटीची मात्रा रोज जार टेस्ट करूनच, म्हणजे भांड्यांतील नमुन्यांवर वेगवेगळ्या मात्रा तपासूनच, ठरवावी. मासेमारी संस्थेलाही आधी कळवावे, म्हणजे त्यांना मासे वेळेत काढता येतील.

जून ते सप्टेंबर

पहिला येवा आला म्हणजे टंचाई संपली असे जाहीर करू नये. साठा ३१ जुलैच्या राखीव पातळीच्या वर जाऊन आठवडाभर टिकला, की कपात टप्प्याटप्प्याने उठवावी. पहिल्या पुराचे पाणी मातीने लाल-काळे असते, तेव्हा जॅकवेलचे वरचे दार वापरावे आणि शुद्धीकरण केंद्रात तुरटीचा साठा दुप्पट ठेवावा.

दारे असलेल्या धरणावर मंजूर द्वार परिचालन आराखड्यातील तारखेवार पातळी पाळावी लागते. मागचे वर्ष कोरडे गेले म्हणून जुलैमध्येच काठोकाठ भरून ठेवण्याचा मोह धोक्याचा आहे. दारे नसलेल्या लघु प्रकल्पांवर वेगळाच प्रकार घडतो. दोन फूट पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर, वाळूची पोती रचली जातात. मातीच्या धरणाची उंची पूर सांडव्यावरून पूर्ण क्षमतेने जाईल असे धरून ठरवलेली असते. पोत्यांनी ती वाट अडवली तर पाणी पाळीवरून जाते, आणि मातीची पाळ एकदा ओलांडली गेली की ती काही तासांत वाहून जाऊ शकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सांडवा स्वतः चालत जाऊन पाहावा, झुडपे काढावीत, पोती किंवा दगड रचलेले असतील तर त्याच दिवशी हटवावेत. विसर्ग वाढण्यापूर्वी खालच्या प्रत्येक गावच्या पोलीस पाटलाला आणि कोतवालाला निरोप मिळाला आहे याची वेळेसह नोंद घ्यावी, आणि नदीपात्रात गुरे, मोटारी किंवा माणसे नाहीत याची खात्री झाल्यावरच दार उचलावे.